सापशिडीच्या प्रोग्रॅममधला बग शोधायला बसण्याआधी

सगळ्यात आधी खरा पट हवा. माळ्यावरून काढा, शेजाऱ्यांकडून मागून आणा, पण पुठ्ठ्याची सापशिडी लॅपटॉपशेजारी उघडून ठेवा. सोबत दोन सोंगट्या, चौकटींची वही आणि पेन्सिल. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तिचा पहिला खेळ लिहीत होती. दहावरून अकरावर जाताना तिची सोंगटी पटाच्या या टोकावरून त्या टोकाला उडी मारायची. दोन तास आम्ही दोघं कोड वाचत होतो. शेवटी पट काढला, बोटाने घरं मोजली आणि दहा मिनिटांत चूक सापडली. तेव्हापासून पट जवळ नसेल तर मी बसतच नाही.

दुसरी तयारी नियमांची. तुमच्या घरी जसं खेळतात तसं वहीत लिहून काढा. काही घरांत सहा पडल्याशिवाय सोंगटी निघत नाही, काहींकडे एक लागतो. सहा पडल्यावर पुन्हा खेळायचं का? ९७ वर असताना पाच पडले तर जागेवर थांबायचं, की शंभरला आपटून मागे यायचं? हे ठरलेलं नसेल तर प्रोग्रॅम चुकला की बरोबर वागला, हे सांगणार कोण? आपल्या मनातला नियम आणि प्रोग्रॅम करतो ती गोष्ट यांतली तफावत म्हणजे बग. त्यातली मनातली बाजू आधी कागदावर यायला हवी, आणि नवशिक्यांकडून नेमकी तीच राहून जाते.

आता फाईलची एक प्रत काढून बाजूला ठेवा. नावात तारीख घाला. एवढं पुरे.

कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना, तेही बघून घ्या. पायथन ३ मध्ये ‘घर’ किंवा ‘पाळी’ अशी देवनागरी नावं व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या जागेला, चालतात, आणि ती जरूर वापरा, कोड वाचायला सोपा जातो. पण कोडमध्ये देवनागरी ‘५’ आकडा म्हणून लिहिला तर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची तक्रार, येते. गंमत अशी की खेळणाऱ्याने इनपुटमध्ये ‘५’ टाइप केला तर मजकुराचा आकडा करणारं ‘इंट’ तो बिनतक्रार वाचतं. त्यामुळे एके ठिकाणी चाललं म्हणून दुसरीकडेही चालेल असं धरू नका.

फाशाची परीक्षा खेळापासून वेगळी घ्या. ‘रँडइंट’ आणि ‘रँडरेंज’ या दोन्ही आज्ञा नशिबाने कुठलाही आकडा काढून देतात. ‘रँडइंट’ला १ आणि ६ दिले तर सहाही पडतो, ‘रँडरेंज’ला तेच दिले तर सहा कधीच पडत नाही. एरर येत नाही, खेळ नेहमीसारखा दिसतो, आणि सहा पडल्यावरच सोंगटी काढायचा नियम असेल तर बिचारी आयुष्यभर बाहेर बसते. म्हणून फासा ६००० वेळा टाकणारा चार ओळींचा तुकडा लिहा आणि कोणता आकडा किती वेळा आला ते मोजा. प्रत्येक हजाराच्या आसपास यायला हवा. साधारण ९०० ते ११०० मध्ये असेल तर फाशाला दोष देऊ नका, पुढे चला.

मग हा फासा काढून घ्या. बग शोधताना नशीब नको, तीच चूक पुन्हा पुन्हा घडायला हवी. दानांची यादी आपल्या हाताने लिहा, ४, ६, २, ३ अशी, आणि प्रोग्रॅमला त्यातूनच एकेक दान उचलायला लावा. तीच दानं खऱ्या पटावर सोंगटीने खेळा. दर चालीला कोणाची पाळी, कुठून निघाला, किती पडले, कुठे पोचला, एवढं प्रिंट करा. पट आणि पडदा जिथे वेगळे होतात त्याच चालीत बग आहे. आधीच्या ओळी वाचण्यात वेळ घालवू नका.

साप आणि शिड्यांची यादी दोघांनी मिळून तपासा, एकाने पट वाचायचा, दुसऱ्याने कोड. ४५ च्या जागी ५४ झालेलं एकट्याच्या डोळ्यांना दिसत नाही. शिडीचा माथा पायथ्यापेक्षा मोठा, सापाची शेपटी तोंडापेक्षा लहान, आणि एकाच घरात सापाचं तोंड व शिडीचा पायथा दोन्ही नाहीत, हे प्रोग्रॅमकडूनही तपासून घेता येतं.

वहीचं एक पान पटाच्या आकारासाठी राखून ठेवा. भाचीची चूक इथेच होती. सापशिडीत १ ते १० डावीकडून उजवीकडे जातात, ११ मात्र बरोबर १० च्या डोक्यावर असतो आणि ती ओळ उलटी चालते. तिच्या कोडमध्ये सगळ्या ओळी एकाच दिशेच्या होत्या. हिशेब बरोबर, चित्र चुकीचं. घराच्या क्रमांकातून एक वजा करून दहाने भागा. भागाकार ही खालून मोजलेली ओळ, बाकी हा स्तंभ, दोन्ही शून्यापासून. ओळ विषम असेल तर नऊमधून बाकी वजा करायची. १०, ११, २०, २१ आणि १०० ही पाच घरं हाताने करून पाहा. शंभर वर डाव्या कोपऱ्यात यायला हवा. एक वजा करायला विसरलात तर १० पुढच्या ओळीत चढतो. पडद्यावर ओळी बहुधा वरून मोजतात, तेव्हा चित्र उलटं दिसलं तर तिथे बघा.

शेवटची घरं वेगळी तपासा, आणि त्यासाठी दर वेळी १ पासून खेळू नका, सोंगटी थेट ९६ वर ठेवून सुरू करा. ‘घर शंभर नाही तोवर फिरत राहा’ असं लूप असेल आणि सोंगटी १०३ वर गेली, तर खेळ संपतच नाही. अशा वेळी घाबरू नका, कंट्रोल आणि सी दाबलं की थांबतो. बरोबर चार पडले तर काय, पाच पडले तर काय, आणि ९४ वरून शेवटचं दान सहाचं असेल तर जिंकलेल्याला पुन्हा पाळी मिळते का? तिन्ही वहीत लिहा, अपेक्षित उत्तरासकट.

लाल अक्षरांत लांबलचक एरर आली तर सगळ्यात खालची ओळ आधी वाचा, चुकीचं कारण तिथे लिहिलेलं असतं. मग वर जात तुमच्या फाईलचा ओळ क्रमांक शोधा. ‘इनपुट’मधून आलेला आकडा हा मजकूर असतो, हे तेव्हा आठवा. तो ‘रेंज’ला, म्हणजे आकड्यांची रांग देणाऱ्या आज्ञेला, दिला तर एरर तरी येते. तो ६ शी ताडून पाहिला तर उत्तर गुपचूप ‘नाही’ येतं.

एका वेळी एकच बदल करा. बग गेला असं वाटलं की वहीतल्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून पुन्हा चालवा, आधी बरोबर आलेल्याही. चाचण्यांच्या खाली थोडी जागा कोरी ठेवा. लहान भावंडं खेळायला बसली की पहिल्या पाच मिनिटांत ती भरते.