मुलांना ग्रँड कॅन्यन दाखवताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या अवाढव्य दरीच्या काठावर पोहोचलं की आपण आकडे सांगायला लागतो. ४४६ किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून खोल. मूल पाच मिनिटं बघतं आणि विचारतं, "आता काय?" यात त्याची चूक नाही. एवढी दरी नजरेत मावतच नाही, मोठ्यांनाही ती पडद्यावरच्या चित्रासारखी सपाट दिसते. आधी दुर्बीण हातात द्या आणि एकच काम सांगा: नदी शोध. तळाशी दोऱ्याएवढी कोलोरॅडो दिसली, की तिनेच हे सगळं कोरलंय ही गोष्ट त्याला आपोआप ऐकावीशी वाटते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो वयाचा. खडकांचं वय आणि दरीचं वय एकच समजून सांगितलं जातं. तळाचे विष्णू शिस्ट हे खडक सुमारे १७५ कोटी वर्षांचे आहेत, तर नदीने आजची दरी कोरली ती गेल्या ५०-६० लाख वर्षांत. मुलांना रद्दीचा गठ्ठा आठवायला सांगा. सर्वांत जुना पेपर तळाशी असतो. तो गठ्ठा आज सुरीने कापला तर पेपर जुनेच राहतात, काप मात्र आजचा.

दुसरी चूक डायनासोरची. "इथे डायनासोरची हाडं सापडतील" असं कबूल करून बसू नका. दरीच्या भिंतींतले खडक डायनासोरच्याही आधीचे आहेत. त्यांत ट्रायलोबाइट नावाच्या कवचधारी समुद्री जिवांचे जीवाश्म आहेत, समुद्री लिली (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) आहेत, कोकोनिनो वालुकाश्म या थरात चार पायांच्या प्राण्यांचे ठसे आहेत, पण डायनासोर नाहीत. हे पटवायला दक्षिण काठावरच्या 'ट्रेल ऑफ टाइम' या पायवाटेसारखी जागा नाही. तिथे वाटेवरचा एक मीटर म्हणजे १० लाख वर्षं. यावापाई संग्रहालयाच्या बाजूने, म्हणजे आजपासून, निघा. ६६व्या मीटरवर डायनासोर संपले, २३०च्या आसपास ते पहिल्यांदा आले आणि २७०वर आपण उभे आहोत तो काठाचा चुनखडक तयार झाला. माझी भाची प्रत्येक खुणेवर उडी मारत गेली. २७०ला थांबली, मागे वळून बघितलं आणि हळूच म्हणाली, "म्हणजे हा दगड त्यांच्याआधी इथे होता!" पुढच्या शेकडो मीटरसाठी तिला ओढत नेलं नाही, तेच बरं झालं. वाटेच्या कडेला मांडलेल्या खडकांना हात लावता येतो. घाई करू नका, खरखरीत कोणता, गुळगुळीत कोणता, हे बोटांनाच ठरवू द्या.

ग्रँड कॅन्यन हे राष्ट्रीय उद्यान आहे, इथला दगड खिशात घालून नेणं नियमात बसत नाही. मूल हट्ट करत असेल तर त्या दगडाचं चित्र काढायला लावा. चित्र काढताना ते जितकं निरखतं तितकं एरवी कधीच नाही.

आता प्राणी. इथल्या खारी माणसाला सरावल्या आहेत आणि मुलं हातावर खाऊ घेऊन पुढे होतात. कृपया हे अजिबात होऊ देऊ नका. खारी कडकडून चावतात, आणि आयत्या खाण्याची सवय त्यांनाही घातक ठरते. मोठ्या प्राण्यांपासून, म्हणजे एल्क हे मोठं हरीण किंवा बिगहॉर्न या रानमेंढ्यांपासून, किमान ३० मीटर दूर राहायचं असतं. मुलाला मीटर कळत नाहीत, त्याला अंगठा शिकवा: हात सरळ लांब करायचा, एक डोळा मिटायचा. अंगठ्यामागे अख्खा प्राणी झाकला गेला तर आपण पुरेसे लांब आहोत. नाही झाकला, तर मागे सरकायचं. हा खेळ मुलं दिवसभर खेळतात.

आकाशातला प्रत्येक मोठा काळा पक्षी कॉन्डोर, म्हणजे इथलं दुर्मीळ महाकाय गिधाड, नसतो. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून डुलत उडतं ते टर्की गिधाड. कॉन्डोर पंख सपाट धरून स्थिर तरंगतो. त्याच्या पंखांचा पसारा जवळजवळ तीन मीटर, पूर्ण वाढलेल्याच्या पंखांखाली पांढरे पट्टे, शिवाय बहुतेकांच्या पंखांवर क्रमांकाची पट्टी. १९८२मध्ये जगात हे पक्षी फक्त २२ उरले होते. १९९६पासून ॲरिझोनात ते पुन्हा सोडले गेले. क्रमांक दिसला तर मुलाला तो वहीत लिहू द्या.

उन्हाळ्यात दरीच्या तळाशी पारा ४० अंशांच्या वर जातो. उतरायला लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ चढायला लागतो, म्हणून मूल ताजंतवानं असतानाच मागे फिरा.

चार वर्षांपुढच्या मुलांसाठी ज्युनियर रेंजरची, म्हणजे छोट्या उद्यानरक्षकाची, पुस्तिका मिळते. ती भरली की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतात. इथे पालकांचा हात शिवशिवतो आणि ते स्वतःच उत्तरं लिहून टाकतात. पेन्सिल मुलाकडेच राहू द्या.

आणि खडक सकाळी, प्राणी संध्याकाळी असे दोन वेगळे धडे करू नका. दक्षिण काठावर ॲबर्ट खार दिसते, पांढऱ्या पोटाची. उत्तरेकडे तिचीच बहीण कैबाब खार, काळ्या पोटाची, पांढऱ्या शेपटीची, आणि ती उत्तर काठावरच्या कैबाब पठाराबाहेर मूळची कुठेच नाही. मध्ये ही दरी आहे. पांढऱ्या पोटाची खार झाडावर दिसली, की समोरच्या काठाकडे बोट दाखवा आणि तिच्या बहिणीबद्दल सांगा.