माथेरानला जोडीने घोड्यावरून फिरताना

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, त्यामुळे गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासूनच घोडे मिळतात. दोघांसाठी दोन घोडे घ्या. एकावरच बसलात तर मागच्याचा भार खोगिराबाहेर, थेट घोड्याच्या कमरेवर पडतो. हे त्या जनावरावर लादू नका. चढण्याआधी तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, बघा: पट्टा आणि पोट यांत जेमतेम दोन बोटं जावीत. बांधताना बरेच घोडे पोट फुगवतात, म्हणून दहा मिनिटांनी घोडेवाल्याकडून तो पुन्हा आवळून घ्या, नाहीतर खोगीर एका बाजूला सरकतं. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, फक्त चवडा, टाच खाली. अख्खं पाऊल आत गेलं तर पडताना अडकतं. गप्पांसाठी शेजारीशेजारी जावंसं वाटतं, पण अरुंद वाटेवर पुढेमागेच चला, मध्ये घोडाभर अंतर ठेवून. मागचा फार जवळ आला की पुढचा लाथ झाडतो.