मृगाआधी ट्रॅक्टरचं इंजिन उघडताय? रिंगांवरचा थर बघून घ्या

उन्हाळी नांगरट आणि रोटाव्हेटरचं काम आटोपलं की पेरणीपर्यंत ट्रॅक्टरला थोडी उसंत मिळते. सायलेन्सरमधून निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनातली कोंडलेली हवा सोडणाऱ्या नळीतून) भपकारा, सकाळी स्टार्ट व्हायला कटकट आणि सारखं ऑइल टाकावं लागणं, ही लक्षणं दिसत असतील तर पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या असाव्यात; त्या बदलायचं काम आत्ताच काढा. पाऊस पडला की मिस्त्री हाताला लागत नाही. मात्र निळा धूर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजल्यानेही येतो, तेव्हा आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या आणि मगच इंजिन खोला.

रिंगांचा सेट घेताना आपण भाव विचारतो, फार तर कंपनी. पण लायनरला (पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिला) घासणाऱ्या बाजूवर कोणता थर आहे, यावर रिंगचं आयुष्य बरंचसं ठरतं. सगळ्यात जास्त मार खाते ती वरची रिंग. जळत्या वायूचा ताप तिलाच आणि ऑइलही तिच्यापर्यंत सगळ्यात कमी पोचतं. म्हणून बहुतेक डिझेल इंजिनांत तिच्यावर हार्ड क्रोमचा थर असतो; तो चांदीसारखा चकाकतो. मॉलिब्डेनमचा फवारा मारलेली रिंग करड्या, मंद रंगाची दिसते. तिच्या थरात बारीक छिद्रं असतात, त्यांत ऑइल टिकतं आणि इंजिन तापलं तरी रिंग लायनरला सहसा चिकटत नाही. काळपट, बिनचमकेची रिंग म्हणजे फॉस्फेट केलेली. हा थर गंज रोखतो आणि नवी रिंग लायनरवर लवकर बसायला मदत करतो, पण झिजेपुढे फार काळ टिकणारा नाही. तो दुसऱ्या रिंगला ठीक. नायट्रायडिंग वेगळं: तिथे वरून काही चढवत नाहीत, पोलादाचा पृष्ठभागच कडक करतात.

मग घ्यायची कोणती? कंपनीने मूळ इंजिनात जी दिली तीच. पर्याय खुला असेल, तर मुरमाड, धुळीच्या रानात दिवसभर रोटाव्हेटर चालवणाऱ्याने वरची रिंग क्रोमचीच घ्यावी, कारण धुळीच्या घासणीला क्रोम मॉलिब्डेनमपेक्षा चांगलं तोंड देतं. पण लायनरच क्रोम केलेला असेल तर त्यात क्रोमची रिंग कधीही घालू नका, दोन्ही एकमेकांना खातात. दुकानात जाण्याआधी मिस्त्रीला हे नक्की विचारा.

बसवतानाही नजर ठेवा. रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तोंडाची, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली, फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजायला सांगा. १०० मिलिमीटर बोअरला (लायनरच्या आतल्या व्यासाला) साधारण ०.३ ते ०.४५ मिलिमीटर, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. फट कमी पडली तर कानस बाहेरून आत चालवायची. उलटी चालवली की क्रोमचा टवका उडतो. घासणाऱ्या बाजूला पॉलिश पेपर लावू देऊ नका. ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर, आणि रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत. जुना लायनर आरशासारखा गुळगुळीत झाला असेल तर होनिंग करून त्यावर आडव्यातिडव्या रेघा पाडून घ्या, नाहीतर नव्या रिंगा बसतच नाहीत.

एवढं करूनही एअर क्लीनर गळका असेल तर पैसे मातीत गेले म्हणून समजा. एअर क्लीनरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप काढा आणि आत बोट फिरवा. बोटाला बारीक धूळ लागली तर पाइप चिरलेला आहे, क्लॅम्प ढिला आहे किंवा ऑइल बाथमधलं (एअर क्लीनरच्या धूळ धरणाऱ्या वाटीतलं) ऑइल खुणेखाली गेलंय. रोटाव्हेटरच्या दिवसांत हे ऑइल रोज बघायचं. गढूळ, घट्ट झालं की फेकून नवं भरायचं.

काम झाल्यावर ट्रॅक्टर नुसता आयडलवर तासन्‌तास उभा ठेवायची पद्धत आहे. तसं करू नका. त्याने रिंगा बसत नाहीत, लायनर मात्र चकचकीत होतो. पहिले काही दिवस मध्यम लोडवर, वखरणी किंवा हलकी वाहतूक असं काम द्या. अवजड नांगर, भरलेली ऊसाची ट्रॉली नंतर. पहिलं ऑइल आणि फिल्टर साधारण ५० तासांनी बदला, आणि त्याच वेळी एअर क्लीनरच्या पाइपचे क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या.