रोगप्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन घरी घेताय? या चुका टाळा

संधिवात, अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस, सोरायसिस, क्रोन्स असे आजार असलेले बरेच जण आता अ‍ॅडालिमुमॅब, इटानरसेप्टसारखी बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेली, प्रथिनांची) औषधं किंवा मेथोट्रेक्सेटचं आठवड्याचं इंजेक्शन घरीच घेतात. सुई टोचायला माणूस दोन-तीन वेळात शिकतो. घोळ होतात ते फ्रिजमध्ये, स्कूटरच्या डिक्कीत आणि मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर.

नागपूरचं ‘रूम टेम्परेचर’

बायोलॉजिक औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मूळ ब्रँडच्या अ‍ॅडालिमुमॅबच्या माहितीपत्रकात गरज पडल्यास २५ अंशांपर्यंत, जास्तीत जास्त १४ दिवस बाहेर चालेल असं लिहिलंय. बायोसिमिलरचा, म्हणजे मूळ औषधासारख्याच दुसऱ्या कंपनीच्या औषधाचा, हिशोब वेगळा असू शकतो, तेव्हा आपल्या खोक्यातला कागद वाचावा. आणि २५ म्हणजे २५. मे महिन्यात बाहेर ४५ असताना कूलर लावलेल्या खोलीतही तेवढा थंडावा नसतो. दुपारी सीताबर्डीहून औषध घेतलं, डिक्कीत टाकलं, वाटेत दोन कामं उरकली आणि मग घरी आलात, तर पेन दिसायला तसाच राहील, पण आतल्या प्रथिनाचं काय झालं ते डोळ्यांना दिसणार नाही. सकाळीच जा. दुकानदाराला तुमच्यासमोर फ्रिजमधून औषध काढायला सांगा, थर्माकोलच्या डब्यात जेल पॅकसोबत घ्या आणि पॅक व खोक्याच्या मध्ये कापड ठेवा.

ते कापड महत्त्वाचं, कारण उष्णतेइतकंच गोठणंही घातक. उन्हाळ्यात आपण फ्रिजचा नॉब शेवटच्या आकड्यावर नेतो आणि पाऊस सुरू झाला तरी तो तिथेच राहतो. सिंगल डोअर फ्रिजमध्ये फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवलेला पेन अशा वेळी गोठतो. एकदा गोठलेलं औषध वितळून पुन्हा स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही. दाराचा कप्पाही नको, सारखं उघडझाक होतं. मधला कप्पा, मूळ खोक्यासकट, भिंतीपासून चार बोटं लांब. फ्रिजचं थर्मामीटर स्वस्त मिळतं, ते शेजारी ठेवा. वीज गेली तर दार बंदच ठेवा, साधारण चार तास गारवा टिकतो.

रेल्वेने रात्रभराचा प्रवास असेल तर हाच डबा चालतो. विमानात मात्र औषध हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

मेथोट्रेक्सेटला सहसा फ्रिज लागत नाही, पण उजेड सोसत नाही. तेही डिक्कीत नकोच.

टोचताना

पेन फ्रिजमधून काढून १५ ते ३० मिनिटं तसाच ठेवावा. गरम पाण्यात, उन्हात, मायक्रोवेव्हमध्ये नाही, आणि हलवायचाही नाही. स्पिरिट लावलेली जागा पूर्ण वाळू द्या, ओल्या त्वचेवर आग जास्त होते. जागा मांडीच्या पुढचा भाग किंवा पोट, बेंबीपासून ५ सेंटीमीटर सोडून. दर वेळी आधीच्या ठिकाणापासून निदान अडीच सेंटीमीटर सरका. जखम, लाल चट्टा किंवा सोरायसिसचा डाग असेल तिथे टोचू नका.

सगळ्यात जास्त डोस वाया जातात ते पेन लवकर उचलल्याने. क्लिक ऐकू आला की झालं असं वाटतं, पण बऱ्याच पेनांत तो सुरुवातीचा क्लिक असतो. खिडकीतला रंग पूर्ण बदलेपर्यंत, साधारण १० ते १५ सेकंद, घट्ट दाबून धरा. नंतर चोळू नका. एखादा थेंब बाहेर आला तर चालतं. धार लागली तर लगेच दुसरा पेन टोचायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन. दुसऱ्या दिवशी उठलेला छोटा लाल, खाजणारा चट्टा थंड पट्टीने बसतो. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर मेडिकल कॉलेज, मेयो, एम्स, जे मोठं रुग्णालय जवळ असेल तिथे तडक जा.

वापरलेली सुई कचरागाडीत सुटी टाकली की ती सफाई कामगाराच्या हातात घुसते. जाड प्लॅस्टिकची, झाकणाची बरणी करा आणि भरली की दवाखान्यात परत द्या.

मेथोट्रेक्सेट: आठवड्यातून एकदाच

ही चूक जीव घेते. आठवड्याचा डोस रोज घेतला गेला तर रक्तपेशी झपाट्याने घटतात, तोंड सोलवटतं, ताप येतो. चिठ्ठीवर वार अक्षरात लिहून घ्या: ‘दर रविवारी’. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी असतं, त्या गोळ्यांची डबीही वेगळी ठेवा.

व्हायलमधून (औषधाच्या छोट्या बाटलीतून) सिरिंजने काढून घेणाऱ्यांना आणखी एक सापळा आहे. समजा औषध १ मिलीलीटरमध्ये २५ मिलिग्रॅम आहे आणि डोस १५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ मिलीलीटर. बाजारात इन्सुलिनच्या ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन्ही सिरिंज मिळतात. हा डोस ४० वाल्या सिरिंजवर २४ च्या रेघेवर येतो, १०० वालीवर ६० च्या. सिरिंज बदलली आणि रेघ तीच धरली, तर २४ च्या रेघेवर १०० वालीत फक्त ६ मिलिग्रॅम जातात. मिलीलीटरच्या खुणा असलेली १ मिलीलीटरची सिरिंजच मागा. नवीन व्हायल आणली की तिच्यावरचं प्रमाणही दर वेळी वाचा, कंपनी बदलली की ते बदलू शकतं.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, ऊन लागून उलट्या-जुलाब झाले तर त्या आठवड्याचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड मंदावतं आणि औषध साठतं. वर दुखण्याची गोळी घेतली की आणखीच. सुरुवातीच्या महिन्यांत रक्त, यकृत आणि क्रिएटिनिनच्या तपासण्या २ ते ४ आठवड्यांनी होतात, नंतर ८ ते १२ आठवड्यांनी. तब्येत छान आहे म्हणून त्या टाळणं महागात पडतं, कारण यकृत बराच काळ गप्प असतं. गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर कित्येक महिने आधी बोला.

ताप, खोकला आणि टीबी

ताप १०० फॅरनहाइटच्या वर गेला, लघवीला जळजळ, गळू, दाढेला पू असं काही असेल तर ठरलेलं इंजेक्शन टोचायचं नाही, आधी फोन. मात्र प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉईड सोबत चालू असेल तर ते आपल्या मनाने अचानक बंद करू नये. इंजेक्शन थांबवलं म्हणून सगळंच थांबवलं, असं फार होतं.

अ‍ॅडालिमुमॅबसारख्या टीएनएफ (शरीरात सूज वाढवणारं एक प्रथिन) रोखणाऱ्या औषधांनी शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, म्हणून सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) टीबी चाचणी हवीच. हिपॅटायटिस बी-सीची तपासणीही त्यातच. बीसीजी घेतलेल्यांत मॅन्टू खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, इग्राला तो अडसर नाही. स्टेरॉईड चालू असेल तर दोन्ही खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. तेव्हा ‘माझी टेस्ट क्लिअर आहे’ यावर वर्षानुवर्षं विसंबू नका. शिवाय या औषधांवर टीबी बरेचदा गाठीत, पोटात, हाडात निघतो आणि एक्स-रे साफ असतो. संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, दोन आठवड्यांवरचा खोकला, मानेत गाठ, यांतलं काहीही दिसलं की डॉक्टरांना तोंडाने सांगा: मी हे इंजेक्शन घेतो.

काउंटरवरून आणि शेजारून

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने लघवीच्या त्रासाला दुकानातून सेप्ट्रान, म्हणजे कोट्रायमॉक्साझोल, कधीही घेऊ नये. दोन्ही मिळून अस्थिमज्जा दाबतात. गुळवेलीचा काढा ‘इम्युनिटीसाठी’ घेणारे घराघरात आहेत, आणि इथे तर आपण नेमकं उलटं काम पैसे मोजून करतोय! कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलंय, त्यातल्या काहींना आधीच ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे) आजार होते. सावजीचा रस्सा चालेल, पोटाला झेपला तर. दारू आणि कच्चं दूध नको.

बरं वाटतंय म्हणून दोन महिने खंड आणि दुखलं की पुन्हा सुरू, हा प्रकार बायोलॉजिकला मारक आहे. शरीर औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं, मग तेच औषध लागू पडेनासं होतं. डोस चुकलाच तर आठवल्यावर घ्या आणि पुढचा ठरल्या दिवशीच. दोन एकदम नाहीत. मेथोट्रेक्सेटला दोनपेक्षा जास्त दिवस उलटले असतील तर तो आठवडा सोडून द्या. दात काढायचा असो की ऑपरेशन, तारीख ठरण्याआधी सांगा, ती डोसच्या वेळापत्रकात बसवावी लागते.

लसी

फ्लू, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी या लसी चालतात, शक्यतो उपचाराआधी. गोवर-रुबेला, कांजिण्या, पिवळा ताप यांच्या जिवंत लसी इंजेक्शन चालू असताना नाहीत. गरोदरपणाच्या उत्तरार्धात टीएनएफ रोखणारं औषध घेतलं असेल तर ते बाळातही उतरतं. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच टोचतात. अशा बाळाला ती साधारण ६ महिने पुढे ढकलतात, आणि तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसींचाही निर्णय बालरोगतज्ज्ञ घेतात. प्रसूतीच्या फाईलवर हे ठळक अक्षरात आधीच लिहून ठेवा, कारण लस टोचणाऱ्या नर्सताईंना आईचं औषध माहीत नसतं.