जुन्या शहरातली स्केचिंगची पायी फेरी

दोन तासांत तीनच थांबे ठेवा. चौथा घाईतच उरकला जातो. पूर्वेकडे तोंड असलेल्या इमारती सकाळी घ्या, दुपारनंतर दर्शनी भाग सावलीत गेला की नक्षी सपाट दिसते.

ए५ वही, २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) पुढचा कागद, ०.३ मिमी टोकाचं वॉटरप्रूफ पेन, वॉटरब्रश (दांड्यात पाणी भरायचा ब्रश) आणि सहा रंग पुरतात. साध्या शाईवर रंग चढवला की रेघा फुटून सगळा चिखल होतो.

गल्लीत उभं राहिलात की आधी पानाच्या खालच्या तिसऱ्या भागात डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ हलकेच मारा. सपाट रस्त्यावर उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत वा लांबची, साधारण तिच्यावरच येतात. तिच्या वरचे छज्जे लांब जाताना खाली उतरतात, जोत्याचे दगड वर चढतात. रस्ता चढाचा असेल तर त्याच्या कडा या रेघेच्या वर जाऊन मिळतात. छज्जे मात्र रेघेकडेच येतात. इथेच बहुतेकांचा चढ सपाट होतो.

मनोऱ्याचं टोक आणि पाया आधी ठिपक्यांनी ठरवा, नाहीतर कळस पानाबाहेर जातो. सावल्यांच्या कडाही सुरुवातीलाच आखा, वीस मिनिटांत त्या सरकतात. खिडकी एकच नीट काढा, भिंतीच्या जाडीसकट. बाकीच्यांना दोन-चार रेघा बास.