शिल्लक कमी, पोरं सोबत: टोरंटोतलं पहिलं वर्ष

‘एवढ्या पैशांत भागेल का हो?’ टोरंटोला यायला निघालेलं कुटुंब फोनवर सगळ्यात आधी हेच विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. आकडा नंतर सांगा, आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत कशाकशावर सह्या करणार आहात ते आधी सांगा. इथे पैसा किराणा-भाजीत संपत नाही. तो वर्षभराच्या भाडेकरारात, गाडीच्या हप्त्यात आणि विम्यात, दोन वर्षांच्या फोनच्या करारात अडकतो. आणि नवीन माणूस नेमकी हीच कामं पहिल्या पंधरवड्यात उरकतो, कारण तेव्हा खात्यात रक्कम दिसत असते.

एक्स्प्रेस एंट्री या सरकारी अर्जपद्धतीतून फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगार, म्हणून येणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला २०२५ च्या नियमानुसार २८,३६२ डॉलर दाखवावे लागतात. (डॉलर म्हणजे इथे सगळीकडे कॅनडाचेच.) हा आकडा दरवर्षी बदलतो आणि ही रक्कम कुणाकडून उसनी घेतलेली चालत नाही. नवरा किंवा बायको आधीपासून इथे कामाला असेल आणि अर्ज कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासमधून (इथल्या कामाच्या अनुभवावर) झाला असेल, तर ही अट नसते. अशा घरांत शिल्लक बरेचदा याहूनही कमी असते. रक्कम कितीही असो, तिला महिन्यांनी भागा. भाडं, इंटरनेट, किराणा, बस-मेट्रो, फोन एवढंच धरा आणि पगार शून्य धरा. सहा महिन्यांपेक्षा कमी तग धरता येत असेल तर सगळ्यांची तिकिटं एकदम काढू नका.

एकाने आधी या

माझं मत लोकांना आवडत नाही, तरी सांगते. पैसे कमी असतील तर एकाने तीन-चार महिने आधी यावं. पीआरच्या (कायम राहण्याच्या परवानगीच्या) बाबतीत मुख्य अर्जदार आधी किंवा सगळ्यांसोबत उतरला पाहिजे, एवढा नियम लक्षात ठेवा. बाकीचे मागून येऊ शकतात, फक्त त्यांच्या कागदांची मुदत संपायच्या आत. एकटा माणूस शेअरिंगच्या खोलीत राहतो, स्वतःचं स्वतः शिजवून खातो आणि मुख्य म्हणजे नोकरी कुठे लागते ते कळल्यावर त्या बाजूला घर बघतो. तोवर तिकडचं घर रुपयांत चालतं. चौघं एकदम उतरली की पहिल्याच आठवड्यात जागा हवी असते, आणि घाईत घेतलेली जागा हमखास महागात पडते.

एप्रिल-मेमध्ये एकाने यावं, ऑगस्टमध्ये बाकीच्यांनी. मुलांचं तिकडचं वर्ष पूर्ण होतं, इथली शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेनंतर उघडते आणि थंडीचे कपडे घ्यायला सवड मिळते. डिसेंबर-जानेवारीत उतरायचं शक्यतो टाळा. भरती मंदावलेली असते, आणि लहान मुलांना घेऊन बर्फातून घरं बघत फिरणं काय असतं ते उतरल्यावरच कळतं.

घर

सगळ्यात जास्त पैसा इथेच वाचतो किंवा बुडतो, म्हणून यावर जरा सविस्तर.

टोरंटो ज्या राज्यात आहे त्या ओंटारियोत मालक आगाऊ म्हणून पहिल्या महिन्याचं भाडं आणि शेवटच्या महिन्याचं भाडं, एवढंच मागू शकतो. डॅमेज डिपॉझिट घेणं बेकायदेशीर आहे. किल्लीसाठी अनामत घेता येते, पण ती किल्लीच्या किमतीएवढीच आणि परत मिळणारी. वर्षभराच्या पुढच्या तारखांचे चेक देण्याची सक्ती करता येत नाही. ३० एप्रिल २०१८ पासून बहुतेक घरांसाठी सरकारने ठरवून दिलेला भाडेकरार वापरावा लागतो. तो नेटवर फुकट मिळतो. विमानात वाचा, झोप लागेपर्यंत बराच कळलेला असेल.

हे कायद्याचं झालं. प्रत्यक्षात तुमच्याकडे इथला क्रेडिट स्कोअर नसतो, पगाराची स्लिप नसते, आणि मालकाला दहा भाडेकरूंमधून एक निवडायची मोकळीक असते. मग ‘सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या, घर तुमचं’ असा निरोप एजंटकडून येतो. मालकाला अशी सक्ती करता येत नाही, तरी पुष्कळ नवीन लोक स्वतःहून देऊन मोकळे होतात. शिल्लक कमी असेल तर हे अजिबात करू नका. तुमची सहा महिन्यांची ढालच तुम्ही दुसऱ्याच्या हातात देता. त्यापेक्षा बँक स्टेटमेंट, ऑफर लेटर आणि इथे स्थिरावलेला कुणी हमीदार मिळत असेल तर त्याचं पत्र, असं घेऊन थेट घरमालकाशी बोला. स्वतःच्याच घराचा बेसमेंट (तळघर) भाड्याने देणारे बरेच मालक कधीकाळी तुमच्याच जागी होते; कंपनीच्या इमारतीत कागद बघतात, हे लोक माणसं बघतात.

बेसमेंट म्हटलं की तिकडच्या आईवडिलांचा चेहरा उतरतो. चांगला बेसमेंट चांगला असतो. स्वतंत्र दार आहे का, झोपायच्या खोलीला माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी आहे का, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का, भिंतीच्या तळाशी ओलीचा वास येतो का, हे बघा. हीटिंगचा थर्मोस्टॅट कुणाच्या मजल्यावर आहे हे जरूर विचारा. टोरंटो शहरात मालकाने हीट पुरवायची असेल तर थंडीच्या मोसमात घर किमान २१ अंशांवर ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. वीज, पाणी, गॅस भाड्यात धरलेले आहेत की टक्केवारीने द्यायचे, कपडे धुवायला कोणते दिवस, बर्फ कोण उपसणार, हे सगळं लिहून घ्या. तोंडी ‘हो हो, चालतंय’वर विसंबू नका.

दोन बारकावे. स्वयंपाकघर किंवा बाथरूम मालकासोबत वाटून घेत असाल तर भाडेकरू कायद्याचं संरक्षण तुम्हाला लागू होत नाही; एकट्याला तीन महिने ठीक, कुटुंबाला नको. दुसरं म्हणजे, सरकार दरवर्षी भाडेवाढीची मर्यादा ठरवतं (२०२५ साठी २.५ टक्के, २०२६ साठी २.१ टक्के), पण १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या जागांना ती मर्यादा नाही. म्हणजे चकचकीत नव्या काँडोत (फ्लॅटमध्ये) वर्षभराने मालक भाडं कितीही वाढवू शकतो, फक्त ९० दिवस आधी लेखी कळवून. जुन्या इमारतीचं स्वयंपाकघर कळकट दिसतं, पण पुढच्या वर्षीचा आकडा तुम्हाला आजच ठाऊक असतो. करार संपला की तो आपोआप महिना-महिना पुढे चालतो; ‘पुन्हा वर्षाची सही करा नाहीतर निघा’ असं कुणी म्हटलं तर घाबरून सही करू नका.

आणि भारतातून, घर न बघता, इ-ट्रान्सफरने डिपॉझिट? कधीच नाही. फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा कमी, मालक ‘परदेशात’ आणि किल्ली कुरियरने येणार, ही गोष्ट ऐकली की फोन ठेवा. इ-ट्रान्सफर एकदा समोरच्याने स्वीकारला की पैसे सहसा परत येत नाहीत.

कागदपत्रं

यात फार काही नाही, क्रम तेवढा पाळा. सर्व्हिस कॅनडातून सिन नंबर (काम आणि टॅक्ससाठी लागणारा सरकारी क्रमांक; फुकट मिळतो, कुणालाही त्याचे पैसे देऊ नका), मग बँकेत नवागतांसाठीचं खातं, मग सर्व्हिस ओंटारियोतून सगळ्यांची ओहिप, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याची, कार्डं. ओहिपसाठी पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं, ती अट मार्च २०२० मध्ये निघाली. ओहिपमध्ये डॉक्टर आणि हॉस्पिटल येतं. मोठ्यांचे दात, चष्मा आणि औषधं येत नाहीत. २५ वर्षांखालच्यांना खासगी विमा नसेल तर बहुतेक औषधं ओहिप प्लसमधून मिळतात. म्हणून निघायच्या आधी सगळ्यांच्या दातांची कामं करून घ्या आणि चष्म्याची एक जोडी जास्तीची आणा. हा सल्ला तिकडे किरकोळ वाटतो. इथे एक रूट कॅनाल महिन्याचं बजेट उलटंपालटं करतो.

घरात १८ वर्षांखालचं मूल असेल तर पत्ता मिळाल्याबरोबर कॅनडा चाइल्ड बेनिफिटचा (मुलांमागे दरमहा मिळणाऱ्या सरकारी पैशांचा) अर्ज करा: आरसी ६६ हा फॉर्म आणि नवागतांसाठीची त्याची पुरवणी, आरसी ६६ एससीएच. पीआर असलेल्यांना लगेच हक्क असतो. वर्क किंवा स्टडी परमिटवर असाल तर इथे १८ महिने राहिल्यानंतर. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी सहाखालच्या मुलामागे कमाल ७,९९७ आणि ६ ते १७ वयाच्या मुलामागे कमाल ६,७४८ डॉलर आहेत. किती मिळणार हे आधीच्या वर्षाच्या कौटुंबिक उत्पन्नावर ठरतं, आणि तुमचं तिकडचं उत्पन्न डॉलरमध्ये मोजलं की ते सहसा कमीच भरतं. म्हणजे चार आणि नऊ वर्षांची दोन मुलं असतील तर सुरुवातीला महिना सव्वाबाराशेच्या आसपास येऊ शकतात. भाड्याचा मोठा तुकडा झाला. पण मंजुरीला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या हिशेबात हे पैसे धरू नका.

मुलं

सरकारी शाळा फुकट आणि पत्त्यावरून ठरते. ज्या वर्षी मूल चार वर्षांचं होतं, त्या सप्टेंबरपासून ज्युनियर किंडरगार्टनला जातं. भारतातलं लसीकरणाचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा. मराठीत नोंदी असतील तर डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून आणा. ओंटारियोच्या शाळांना लागणाऱ्या यादीत मेनिन्जायटिसची आणि २०१० मध्ये किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी कांजिण्यांची लस आहे; आपल्याकडच्या पुष्कळ मुलांची तीच राहिलेली असते. इथे ती फुकट देतात, घाबरायचं कारण नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारी योजनेतल्या पाळणाघराचा दर जानेवारी २०२५ पासून दिवसाला २२ डॉलरवर बांधला आहे, पण रांग लांब असते. नाव आल्याच्या आठवड्यात घाला.

पहिले दोन महिने मूल शाळेत गप्प राहील. राहू द्या.

काम आणि गाडी

ओंटारियोत किमान वेतन १ ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १७.६० डॉलर आहे. टोरंटोशेजारच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या वेअरहाउसमध्ये काम मिळू शकतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त दोघांनी एकदम असली कामं धरू नका. एकाने घरखर्च भागवायचं काम करावं, दुसऱ्याने दिवसाचे तास आपल्या क्षेत्रातल्या नोकरीसाठी मोकळे ठेवावेत, आणि हे किती महिने करायचं ते आधीच ठरवावं. दोघंही दमून घरी येऊ लागली की रेझ्युमे कुणीच पाठवत नाही, आणि बघता बघता दोन वर्षं जातात. काम लावून देण्याचे पैसे मागणाऱ्या एजन्सीतून सरळ बाहेर पडा. टेंपररी एजन्सीने कामगाराकडून असे पैसे घेणं इथे बेकायदेशीर आहे. कोस्टी, न्यूकमर सेंटर ऑफ पील यांसारख्या संस्था रेझ्युमे आणि मुलाखतीची मदत फुकट करतात. कुठे जायचं कळत नसेल तर २११ फिरवा. तिथे फूड बँकेचाही पत्ता मिळतो. महिनाअखेर ओढाताण असेल तर संकोच न करता जा.

गाडी पहिल्या हिवाळ्यापर्यंत तरी नको. हप्ता परवडतो, विमा परवडत नाही, आणि ब्रॅम्प्टनच्या पत्त्यावर तर तो राज्यातल्या सर्वांत महागांपैकी असतो. भारतीय लायसन्सवर पहिले ६० दिवस चालवता येतं, त्यानंतर इथलं लायसन्स लागतं, जी-वन या पहिल्या लेखी परीक्षेपासून. निघण्याआधी आरटीओकडून लायसन्सचा उतारा घेऊन या. जुना अनुभव कागदावर असला की पुढच्या ड्रायव्हिंग टेस्टसाठी थांबायचा काळ वाचतो. तोवर टीटीसी, म्हणजे शहराची बस-मेट्रो, आहेच: प्रेस्टो या प्रवासाच्या कार्डावर मोठ्यांना ३.३० डॉलर, दोन तासांत हवं तेवढं चढा-उतरा, १२ वर्षांपर्यंतची मुलं फुकट. फेब्रुवारी २०२४ पासून गो ट्रेन (उपनगरी रेल्वे) किंवा ब्रॅम्प्टन, मिसिसागाच्या बसमधून टीटीसीत बदललं तर दुसऱ्यांदा भाडं लागत नाही. म्हणून घर टीटीसीच्याच दारात पाहिजे असं राहिलेलं नाही. स्वस्त घर थोडं लांब असलं तरी चालतं.

सामानात मिक्सर आणू नका. इथे १२० व्होल्ट, आपला २३० चा. कुकर आणा, सोबत गास्केटं आणि शिट्ट्या. कोट तिकडून घेऊ नका, तो इथल्या थंडीला पुरत नाही. इथे व्हॅल्यू व्हिलेजसारख्या दुकानांत वापरलेला चांगला मिळतो. बूट मात्र नवे घ्या. रस्त्याकडेला ठेवलेलं टेबल बिनधास्त उचला, गादी कधीच उचलू नका, ढेकूण फुकट येतात.

शेवटचं काम पुढच्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंतचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. उत्पन्न शून्य असलं तरी नवराबायको दोघांनीही टॅक्स रिटर्न भरायचा. एकानेच भरला तरी जुलैपासून चाइल्ड बेनिफिट थांबू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये कमी उत्पन्नवाल्यांसाठी स्वयंसेवकांची मोफत टॅक्स क्लिनिकं चालतात, कधी वाचनालयात तर कधी कम्युनिटी सेंटरमध्ये. फेब्रुवारीतच वेळ घेऊन ठेवा.