सुपरहिरोईन काढायची आहे? आधी स्वतः उभं राहून बघा

दर दिवाळीच्या सुट्टीत माझ्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात एक विषय ठरलेला असतो: प्रत्येकानं आपापली सुपरहिरोईन काढायची. सांगलीत घराच्या गच्चीवर अठरा वर्षं हा वर्ग चालू आहे. सातवी ते दहावीची मुलं-मुली, बहुतेक एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला आलेली. पहिल्या दिवशी मी काही सांगत नाही, नुसतं काढू देते. आणि दर वर्षी वीसातल्या पंधरा कागदांवर तीच बाई उतरते. कंबर मुठीत मावेल एवढी, केस मोकळे, टाचा चार बोटं उंच, एक हात कमरेवर, आणि मागे शहर जळतंय तरी चेहऱ्यावर ताण म्हणून नाही. मुलींच्या कागदावरही तीच. बघून बघून हाताला बसलेलं वळण आहे ते. ते कसं मोडायचं, एवढंच इथं लिहिते. घरी मुलांना घेऊन बसणाऱ्या पालकांना आणि शाळेतल्या कलाशिक्षकांना करून बघता येईल.

सामान फार नाही. जाड कागद, एचबी आणि टू-बी पेन्सिल, खोडरबर, शेवटी काळं जेल पेन. शिवाय हात पसरून गोल फिरता येईल एवढी जागा. जागा हवीच, कारण पहिला तासभर पेन्सिल हातात घ्यायची नाही.

त्या तासात एखाद्या कॉमिकचं मुखपृष्ठ किंवा सिनेमाचं पोस्टर समोर लावा आणि त्यातली बाई जशी उभी आहे तसं मुलांना उभं राहायला सांगा. मुलांना, म्हणजे मुलग्यांनासुद्धा. नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन कॉमिक्समध्ये नायिकांची एक उभी राहण्याची तऱ्हा फारच बोकाळली होती: पाठ पिळून अशी वळवायची की पुढची आणि मागची बाजू एकाच वेळी वाचकाला दिसावी. मागे माझ्या वर्गातला नववीतला एक मुलगा तसा उभा राहिला, दोन क्षण टिकला, आणि कठडा धरून म्हणाला, "मॅडम, आता मारू कुणाला? तोंड एकीकडं, पाय तिसरीकडं." त्या दिवशी मला दुसरं काही शिकवावं लागलं नाही.

हा खेळ माझ्या डोक्यातून निघालेला नाही. २०१२ साली काही चित्रकारांनी इंटरनेटवर हेच सुरू केलं. हॉकआय हा मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीचा धनुष्यबाण चालवणारा वीर. नायिकांना ज्या पोजमध्ये काढतात, नेमक्या त्याच पोजमध्ये त्यांनी त्याला काढला. चित्रं बघून हसू आवरत नाही. कसोटी अशी की, पुरुषाला त्या जागी ठेवल्यावर हसू आलं तर पोज मुळातच हास्यास्पद होती. बाईच्या अंगावर आपल्याला ते दिसत नव्हतं, इतकंच.

आता पेन्सिल. काडीमाणूस काढा आणि मानेच्या खळगीतून सरळ खाली ओळंबा सोडा. गवंडी भिंतीला लावतो तोच, इथं पट्टीनं आखलेला. माणूस एका पायावर भार देऊन स्वस्थ उभा असेल तर ही रेघ भार घेतलेल्या पायाच्या आसपास पडते. ढकलत, ओढत, ठोसा मारत असेल तर रेघ पायाच्या पुढे किंवा मागे जाते आणि दुसरा पाय तो तोल सांभाळतो. मुलांच्या पहिल्या चित्रांवर ओळंबा सोडून बघा, नायकाचा भार जमिनीवर असतो आणि नायिकेचा कुठंच नसतो. तिला कुणीतरी हँगरला अडकवून ठेवल्यासारखी ती दिसते. चित्रातली ताकद मला विचाराल तर मी आधी टाचेकडे बघते, दंडाकडे नंतर.

यासाठी मी वर्गाला फिअरलेस नादियाचे जुने फोटो दाखवते. १९३५ सालची 'हंटरवाली', वाडिया मूव्हीटोनची. मूळची मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, सिनेमातली कारकीर्द आपल्या मुंबईत. मुखवटा घातलेली राजकन्या, हातात चाबूक, पायात बूट, गरिबांच्या बाजूनं लढणारी. अमेरिकेत वंडर वुमन जन्माला यायच्या सहा वर्षं आधीची ही बाई, आणि स्टंट स्वतः करायची. गड्याला उचलून धरलेले तिचे फोटो आहेत, ते बारकाईनं बघा. गुडघे किंचित वाकलेले, पाऊलं फाकलेली, मांड्या भरलेल्या. मांड्या तशा नसत्या तर तो गडी खाली आला असता. मुलांना एकच फोटो दाखवायला वेळ असेल तर हा दाखवा.

प्रमाणाचं सांगायचं तर माणूस साधारण साडेसात डोकी उंच, कॉमिकमधला वीर आठ किंवा थोडा जास्त. मुलं नायिकेलाही ते जास्तीचं अर्ध डोकं देतात, पण सगळं पायात घालतात. ते छातीचा पिंजरा आणि खांदे यांत वाटून द्या. मनगट आणि कोपर यांमधला भाग जाड करा, बस ढकलायची आहे तिला. हे सांगताना माझा आवाज थोडा पडतो. एका संस्थेसाठी मी महिला दिनाचं भित्तिचित्र केलं होतं, पाण्याची टाकी खांद्यावर पेलणारी बाई. साहेब म्हणाले, खांदे जरा नाजूक करा. केले. पैसेही मिळाले. त्या रस्त्यानं जाताना मी अजून समोरच्या दुकानांकडे बघते.

पोशाखावर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त भांडणं होतात. पालक म्हणतात, "अंगभर कपडे घाला तिला, झालं." तसं होत नाही. झाकलं किती यापेक्षा त्या कपड्यात तिचं काम होतं का, हे विचारा. मार्व्हलच्याच कॅरल डॅन्व्हर्सचं घ्या. ती हवाई दलातली. १९७७ मध्ये मिस मार्व्हल म्हणून आली तेव्हा पोशाखात पोट उघडं, पुढे काळ्या स्विमसूटसारखा वेष. २०१२ मध्ये ती कॅप्टन मार्व्हल झाली, तेव्हा चित्रकार जेमी मॅकेल्वीनं तिला वैमानिकाच्या सूटवरून सुचलेला पोशाख दिला. उडणाऱ्या बाईला उडणाऱ्याचे कपडे, यायला पस्तीस वर्षं लागली. पुढची मिस मार्व्हल, जर्सी सिटीतली कमला खान, आपल्या बुर्किनीचाच, म्हणजे अंगभर पोहण्याच्या कपड्याचाच, पोशाख करते. २०१४ च्या बॅटगर्लला चामड्याचं जाकीट, पिवळे बूट आणि चटकन काढून टाकता येणारी केप मिळाली. केप कुठंतरी अडकणार, हे कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणायचं.

माझ्या वर्गात एकीनं तिच्या नायिकेला नऊवारी नेसवली. बाकीची हसली. मी तिला उभं करून काष्टा कसा घालतात ते आठवायला लावलं. आजी कोकणात भातलावणीला त्यातच उतरायची, ती म्हणाली. पाय मोकळे, पदर कमरेला खोचलेला, गुडघाभर चिखलात दिवसभर. मग कुणी हसलं नाही. फक्त तिनं केस मोकळे सोडले होते, तो अंबाडा करायला लावला.

चित्र झालं की तिला गोष्टीत घाला: एकाच कागदावर तीन-चार चौकटी. इथं चांगल्या चांगल्या चित्रांची माती होते. केली स्यू डिकॉनिक या लेखिकेनं एक सोपी चाचणी सांगितली आहे: बाईच्या जागी दिवा ठेवून बघा, गोष्ट तशीच चालली तर तुमचं काहीतरी चुकलंय. आम्ही गच्चीवर तिला समईची चाचणी म्हणतो. "अरे, तुझी नायिका समई आहे," असं मुलंच एकमेकांना सुनावतात. दुसरी चाचणी फ्रिजची. १९९४ च्या 'ग्रीन लँटर्न' कॉमिकमध्ये नायक घरी येतो तर त्याच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं. तिचा मृत्यू कशासाठी? तर त्याला राग यावा म्हणून. १९९९ मध्ये गेल सिमोन या लेखिकेनं अशा मारलेल्या, जायबंदी केलेल्या, शक्ती हिरावलेल्या नायिकांची यादीच केली. मुलांना चौकटीखाली लिहायला सांगा: हे दुःख कुणाचं, आणि ते वापरतंय कोण?

वंडर वुमनचीही या चाचणीत पंचाईत होते. १९४१ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टननं तिला निर्माण केलं ते पुरुषांच्या मारझोडीच्या कॉमिक्सना उत्तर म्हणून. पण पुढच्याच वर्षी जस्टिस सोसायटी या वीरांच्या संघात तिला घेतली ती सेक्रेटरी म्हणून! १९६८ मध्ये तिच्या शक्ती काढून घेऊन तिला कपड्यांचं दुकान काढून दिलं. १९७२ मध्ये 'मिझ' या स्त्रीवादी मासिकानं तिला मुखपृष्ठावर आणलं, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार म्हणून. पुढच्या वर्षी शक्ती परत आल्या. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिला मानद राजदूत केलं, तर तिथल्याच कर्मचाऱ्यांनी तिच्या पोशाखावर हरकत घेतली आणि दोनेक महिन्यांत ते पद संपलं. हरकत मला पटते, पण मला तिच्या उघड्या पायांपेक्षा ती सेक्रेटरीची खुर्ची जास्त खुपते. म्हणून चौकटी तपासताना मी शेवटी बोट ठेवून विचारते: इथं निर्णय कुणी घेतला? नायिकेनं घेतला नसेल तर ती चौकट पुन्हा.

मग शाई. जेल पेननं आधी भार घेतलेल्या पायाची रेघ जाड ओढा, बाकी बारीक. वाळल्याशिवाय खोडरबर लावू नका, सगळं फासतं. आणि हे करायच्या आधी पोशाखाला खिसा आहे का बघा. निम्मे जण विसरतात. गेल्या वर्षी नऊवारीवालीनं कमरेला छोटा कप्पा शिवून दाखवला होता. आत काय म्हटलं, तर म्हणाली, "एसटीचा पास. उडून दमली तर?"